एंगेलबर्ट ओडेनथालची दीड मिनिटं

कल्पना करा, तुम्हाला एक काम मिळालंय. काम आहे लोळायचं. साठ दिवस. हसू नका, आधी अटी ऐका. पलंग डोक्याच्या बाजूला सहा अंश उतरता, म्हणजे पाय वर आणि डोकं खाली. उशी नाही. एक खांदा कायम गादीला टेकलेला हवा. कूस बदला, पण दोन्ही खांदे एकदम उचलायचे नाहीत. जेवण तसंच, आंघोळ तशीच, आणि जे विचारायला तुम्ही लाजताय तेही तसंच. ताटातलं सगळं संपवायचं. रस्सा उरला तर पावाने पुसून खायचा, कारण प्रत्येक घास ग्रॅमवर तोललेला आहे. आणि आता हे नीट वाचावं म्हणून तुम्ही जरा पुढे झुकलात ना? झालं. खांदे उचलले गेले. माझ्या संगणकावर लाल दिवा लागला.

लाल दिवा बघणं ही माझी नोकरी. वैद्यकीय यंत्रांची अभियंता व्हायला मी साडेपाच वर्षं घालवली, आणि आता बारा माणसांचे चोवीस खांदे मोजते. माझे वडील फरश्या बसवतात. ते गिऱ्हाइकांना सांगतात, "आमची मार्लेन अंतराळात असते." मी दुरुस्त करत नाही. अंतराळातली माणसं माझ्या खुर्चीपासून चारशे किलोमीटर वर राहतात; वडिलांच्या हिशेबाने हे जवळच.

आमचं केंद्र कोलोनच्या विमानतळामागे झाडीत आहे. वर गेलेल्या माणसाच्या अंगावर वजन नसतं, त्यामुळे त्याची हाडं विरळ होतात, स्नायू वाळतात, रक्त डोक्याकडे चढतं. हे सगळं वर जाऊन तपासायचं तर फार महाग पडतं. मग धडधाकट माणसं जमिनीवरच उलटी झोपवायची. अंग जवळपास तसंच फसतं. मंगळावर जाणारा माणूस वाटेतच सहा-आठ महिने काढणार. उतरल्यावर शिडीवरून खाली येताना त्याचा पाय मोडला तर तिथे कोण आहे प्लास्टर घालायला?

शाळाशाळांत जाऊन 'माणसं अंतराळात का पाठवायची आणि त्यासाठी लोकांच्या करातले पैसे का घालायचे' हे सांगण्याचं कामही माझ्याकडेच आहे. सत्तावीस पानांचं सादरीकरण बनवलंय. आलेख, बाण आणि दोन विनोद. विनोदांवर अजून कोणी हसलेलं नाही. एका आलेखावर एकदा हसले होते.

एंगेलबर्ट ओडेनथाल आमच्याकडे आला तो मागच्या हिवाळ्यात. वय सेहेचाळीस. बावीस वर्षं कोलोनमध्ये सात नंबरची ट्राम चालवतोय. अंगाने सडपातळ, गुडघे विशीतल्या मुलाचे, भीती फक्त उंचीची. घरातला दिवा बदलायचा तर बहीण शिडीवर चढते आणि हा शिडी धरतो, तीसुद्धा डोळे मिटून. कार्निव्हलच्या मंडळात तो ढोल वाजवतो, पण रथावर नाही. रथ फार उंच. तो रथामागून चालतो आणि वरून फेकलेल्या गोळ्या-चॉकलेटं टाळक्यावर झेलतो.

अशा माणसाला अंतराळाशी काय देणंघेणं? काहीच नव्हतं. उलट रागच होता. त्याची आई कॅटी ओडेनथाल, वय एकोणऐंशी, ऑक्टोबरात स्वयंपाकघरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया उत्तम झाली. हाड जुळलं. पण अंथरुणात आठवडे गेले, पाय काटकुळे झाले, आणि आई म्हणू लागली, "उठले आणि पुन्हा पडले तर?" व्यायाम करून घेणारी बाई यायची आणि हात हलवत परत जायची. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मंगळवारी रात्री ट्रामवाल्यांचं टेबल बिअरच्या दुकानात भरतं, तिथे एंगेलबर्ट कडाडला, "आमच्या आईला तीन मजले उतरवायला कोणाकडे काही नाही, आणि ह्या लोकांना माणूस मंगळावर उतरवायचाय!"

"मग जा की विचारायला," टेबलावरचे म्हणाले.

पेपरात आमची जाहिरात होती. तो खरंच आला. मुलाखतीत आमचे मुख्य डॉक्टर हिन्रिक्स यांनी विचारलं, "आपल्याला सहभागी का व्हायचंय?"

"माझे पैसे कुठे लोळतात ते बघायचंय," एंगेलबर्ट म्हणाला.

हिन्रिक्स हॅम्बुर्गचे, म्हणजे उत्तरेकडचे; तिकडे विनोदही कमी आणि कार्निव्हलही नाही. त्यांनी फॉर्मवर लिहिलं, 'हेतू: अस्पष्ट.' पण रक्त, हृदय, हाडं, सगळं चोख निघालं, आणि जानेवारीत एंगेलबर्ट आडवा झाला. नाव पुसलं गेलं. कागदोपत्री तो उमेदवार 'के'.

कोलोनमध्ये माणूस तिसऱ्या वाक्याला अहो-जाहो सोडतो. एंगेलबर्टने दुसऱ्यालाच सोडलं. "पोरी, तू दिवसभर माझ्याकडे बघत बसणार?"

"खांद्यांकडे."

"बरं. बायको असती तर तिने चेहऱ्याकडे बघितलं असतं. तुझं सोपं आहे."

रोज सकाळी त्याचा आईला फोन. घरी बहीण राहायला आली होती; ती फोन आईच्या उशाशी ठेवायची. आवाज खोलीभर मोठा, त्यामुळे पडद्यासमोर बसून मीही माइकवरून ऐकायचे.

"काय करतोयस?"

"लोळतोय, आई."

"ते तू घरीही करायचास. तिथे पैसे देतात?"

"देतात."

"कोण?"

"तूच. करातून."

"मग नीट लोळ."

कधी कधी त्यांची चढाओढ लागायची. "तू किती अंशात झोपलीस?" "मी सपाट." "मी उलटा. माझं अवघड." "तुझं संपेल रे साठ दिवसांनी," आई म्हणायची, आणि चढाओढ तिथेच संपायची.

बाराव्या दिवशी मी त्याला माझं सादरीकरण दाखवलं. पडदा त्याच्या डोळ्यांवर छताला टांगलेला होता. उठून जाऊ न शकणारा श्रोता मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होता, संधी कोण सोडतं? त्याने सत्तावीस पानं मुकाट्याने बघितली. दोन्ही विनोदांवर त्याची छाती हलली नाही. नंतर आलेखात पाहिलं, नाडीसुद्धा हलली नव्हती.

"मला एक सांग, पोरी," तो म्हणाला. "हाडंच वाचवायची तर सरळ आईसारख्यांवर संशोधन करा ना. मध्ये मंगळ कशाला?"

मी म्हटलं, "ते पान एकोणीसवर आहे." पान एकोणीस काढलं. त्यात यानाचं चित्र होतं. फक्त चित्र.

मग मला माझ्या तोंडाने बोलावं लागलं, जे मी सहसा टाळते. "आईचं बघ. तिचे पाय वाळले ते वयाने, औषधांनी, भीतीने, की नुसतं पडून राहिल्याने? सगळं एकात एक गुंतलंय. नुसतं पडून राहिल्याने काय होतं ते सुटं करून बघायचं तर धडधाकट माणूस पाडून ठेवावा लागतो."

"मग पाडा की. आजींच्या नावाने पाडा."

"आजींच्या नावाने इतके पैसे कोणी देत नाही, एंगेलबर्ट," मी हळूच म्हटलं. "मंगळाच्या नावाने देतात."

तो इतका हसला की मी धास्तावून खांद्यांकडे बघितलं. "म्हणजे आईचं बिल तुम्ही मंगळाच्या नावावर फाडलंय!"

"अगदी तसंच नाही..."

"आणि यंत्रं का नाही पाठवत? स्वस्त पडतील."

"पाठवतातच. पण यंत्राला हाडं नसतात. नुसती यंत्रंच जाणार असती, तर माणसाची हाडं वाचवायची कशी, हे कोणी इतक्या घाईने विचारलं असतं का? तू इथे नसतास."

"घरी असतो. उशीवर," तो म्हणाला आणि भिंतीकडे वळला. एक खांदा टेकवून. नियमात होतं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी नाश्त्याला दह्याची वाटी चाटता चाटता अचानक सुरू झाला. "माझी सात नंबर शेवटी झ्यूंडोर्फला जाते. शेवटच्या थांब्यावर डब्यात कधी चार माणसं असतात, कधी एक, तोही झोपलेला. ऑफिसात हिशेब करणारा म्हणेल, एका झोपलेल्या माणसासाठी एवढे रूळ? पण रूळ शेवटपर्यंत न्यायचे होते म्हणून मधले टाकले गेले. मधल्या थांब्यांवर आज शाळा आहेत, दवाखाना आहे. हे घाल तुझ्या पानांत."

मी टिपून घेत होते.

"आणि पुढचंही लिही. मधल्या थांब्यांवर दारं उघडली पाहिजेत. शेवटच्या थांब्याच्या नादात गाडी न थांबवता पळवलीत, तर लोक ओरडतीलच. मी पहिला ओरडेन. माझी आई मधल्या थांब्यावर उभी आहे." वाटी खाली ठेवून तो म्हणाला, "म्हणजे, आडवी आहे."

त्या संध्याकाळी मी दोन्ही विनोद काढून टाकले आणि त्या जागी ट्राम घातली. ट्रामचं चित्र पानात बसवताना तीनदा उलटं बसलं. साडेपाच वर्षांचं शिक्षण.

तेव्हापासून त्याच्यासाठी ते साठ दिवस वेगळे झाले, हे मला कळत होतं. तो प्रत्येक दिवसाला सात नंबरच्या एकेका थांब्याचं नाव देऊ लागला. नावं संपली की परतीची फेरी. "बाराजणांतला एक गळला तर काय होतं?" असं त्याने एकदा विचारलं. मी म्हटलं, बारा हा आकडा मुळातच लहान आहे, एकेक माणूस मोलाचा. तेव्हापासून तो शिंकतानासुद्धा खांद्याला हाताने दाबून धरायचा.

आणि मग एकेचाळिसावा दिवस उजाडला. कार्निव्हलचा गुरुवार.

त्या दिवशी सकाळी अकरा वाजून अकरा मिनिटांनी आमचं शहर कामावरून उठतं. बँकेतला माणूस, पोलीस, न्यायाधीश, सगळे. बायका कात्र्या घेऊन पुरुषांचे टाय कापत फिरतात, म्हणून कोलोनचा कुठलाही शहाणा पुरुष त्या दिवशी टाय घालत नाही. हिन्रिक्स डॉक्टर निळा रेशमी टाय घालून आले. आमच्या नर्स कात्री घेऊन त्यांच्या मागे लागल्या. पडद्यांसमोर मी एकटी, नाकावर विदूषकाचा लाल चेंडू लावून.

एंगेलबर्टच्या खोलीत रेडिओ चालू होता. फोनवर आई, तिच्या उशाशी तोच रेडिओ. चौकात हजारो लोक उलटी गिनती करत होते. तीन, दोन, एक, आणि "आलाफ!", हा आमच्या कार्निव्हलचा जयजयकार. मग ते गाणं लागलं, आमच्या नदीचं आणि आमच्या गल्ल्यांचं, जे आम्हाला बोलता यायच्या आधीपासून येतं.

आता काय झालं ते नीट सांगते, कारण नंतर मला ते लेखी द्यावं लागलं. ते गाणं लागलं की माणूस उभा राहतो, शेजाऱ्याच्या हातात हात अडकवतो आणि डावी-उजवीकडे डोलतो. यात विचार नसतो. जांभई आल्यावर तोंड उघडावं तसं होतं. मी उभी राहिले. शेजारी कोणी नव्हतं, म्हणून कोट अडकवायच्या स्टँडच्या हातात हात घातला. डोळे मिटले. डोलले.

डोळे उघडले तेव्हा लाल दिवा लागलेला होता.

पडद्यावर एंगेलबर्ट ताठ बसलेला. पाय पलंगाखाली लोंबतायत, एक हात पलंगाच्या दांडीत अडकवलाय, चेहरा लालबुंद, आणि डोलतोय. फोनमधून आईची किंकाळी आली, "एंगेलबर्ट! अरे मी बसले! माझी मी बसले रे!"

"आई, मी पण!" तो ओरडला.

आणि मग त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. गाणं चालूच होतं. तो सावकाश, काच ठेवावी तसा, आडवा झाला.

"पोरी," तो छतातल्या माइककडे बघत म्हणाला, "किती वेळ?"

"दीड मिनिट."

"अरे देवा."

फोनवर आई विचारत होती, "काय झालं? तू गप्प का?" तो म्हणाला, "काही नाही, आई. तू किती वेळ बसलीस?" "गाणं संपेपर्यंत!" "बरं केलंस," तो म्हणाला. त्याचा असा आवाज मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हता.

आता माझी गोष्ट. लाल दिवा लागला की कारण निवडावं लागतं. यादीत एक पर्याय आहे, 'सेन्सरची गडबड'. माझं बोट त्यावर होतं. दुसरं कोणी बघितलं नव्हतं. एकेचाळीस दिवस होते, आई होती, शिवाय माझी नोकरी होती; खरं सांगायचं तर हा क्रम माझ्या डोक्यात उलटा होता.

"पोरी, काय करतेयस?"

"विचार करतेय."

"म्हणजे खोटं लिहितेयस."

"तुला वगळतील, एंगेलबर्ट. एवढे दिवस फुकट जातील."

"माझ्या गाडीत मी कुठे किती ब्रेक दाबला, सगळं नोंदलं जातं. एकदा एका बाईचं पोर चढलं आणि बाई खालीच राहिली, मी दारं लावून निघालो. पुढच्या थांब्यावर पोराला मांडीवर घेऊन बसलो ती येईपर्यंत. आणि संध्याकाळी सगळं लिहून दिलं. मरणाची बोलणी खाल्ली. पण दुसऱ्या दिवशी लोक माझ्या गाडीत बसलेच ना? हे आकडे कोणाच्या तरी आईसाठी वापरणार आहेत. लिही. माझं गेलं तर गेलं."

असं म्हणून त्याने भिंतीकडे तोंड केलं. पाठमोऱ्या माणसाचे खांदे मला चांगले वाचता येतात. ते हलत होते.

मी लिहिलं: 'उमेदवार के. दोन्ही खांदे वर, उठून बसला, दीड मिनिट. कारण: गाणं. निरीक्षक त्या वेळी उभी, डोळे मिटलेले, कोटाच्या स्टँडसोबत.'

हिन्रिक्स डॉक्टर आले. गळ्यात टायचा चार बोटं तुकडा शिल्लक होता. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"कोटाच्या स्टँडसोबत म्हणजे?"

"शेजारी कोणी नव्हतं, डॉक्टर."

"आणि उभं राहणं आवश्यक होतं?"

"गाणं लागलं की उभं राहतात."

"कोण?"

"सगळे. तुम्ही हॅम्बुर्गचे आहात, म्हणून..."

"मी हॅम्बुर्गचा आहे हे मला आज सकाळी कात्रीने सांगितलंय," ते म्हणाले. "नाकावरचं ते काढा आणि माझ्याबरोबर चला."

एंगेलबर्टच्या पलंगापाशी ते स्टूल ओढून बसले. "ओडेनथालसाहेब, आपण पुढे चालू राहणार आहोत. नोंद तशीच राहील. आपली मापं धरायची की वगळायची हे आकडे तपासणारे शेवटी ठरवतील. ते दुसऱ्या शहरात बसतात, त्यांना आपलं नाव कळणार नाही."

"आणि मला कधी कळणार?"

"आपलं एकट्याचं कधीच नाही. बाराजणांचं मिळून छापून येईल."

"म्हणजे मी त्यात आहे की नाही, हेही नाही?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. उठताना त्यांनी, हॅम्बुर्गच्या माणसाने, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. टेकलेल्या.

माझी नोकरी राहिली. नियमावलीत एक ओळ वाढली: 'कार्निव्हलच्या गुरुवारी निरीक्षक बाहेरगावचा असावा.' विज्ञानात माझं योगदान आजपावेतो एवढंच.

साठाव्या दिवशी एंगेलबर्टला दोघांनी धरून उभं केलं. तो पांढराफटक पडला. "केवढं उंच आहे हे!" तो म्हणाला आणि डोळे मिटले. स्वतःच्या पायांवर उभं राहून घाबरलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. पाच मिनिटांनी एक डोळा उघडून म्हणाला, "म्हणजे आईला हे रोज होत होतं. आणि मी तिला आळशी म्हणत होतो."

आता ऑगस्ट आहे. एंगेलबर्ट परत सात नंबरवर आहे. मंगळवारच्या टेबलावर त्याला 'मंगळवीर' म्हणतात, आणि कोणी अंतराळावरच्या खर्चाला नावं ठेवली की हा बशीत काट्याने रूळ काढून दाखवतो. मला घरी जाताना चार थांबे आधी उतरायचं असतं, पण चालत्या गाडीत चालकाशी बोलायला मनाई, म्हणून मी कधी कधी झ्यूंडोर्फपर्यंत बसून राहते. शेवटच्या थांब्यावर डब्यात बहुतेक मी एकटीच. कधी झोपलेली.

काल तो केबिनचं दार उघडून थर्मास घेऊन आला. "आलं का छापून?"

"नाही रे. वर्ष तरी जाईल."

"आई त्या गुरुवारपासून रोज बसते, सांगितलं का मी? एक गाणं. गाणं संपलं की आडवी. व्यायामाची बाई म्हणते अर्धा तास बसा. आई म्हणते, गाणं तेवढंच आहे."

मी म्हटलं, चांगलं आहे. मग काहीतरी तांत्रिक सांगायला गेले आणि ते सोडून दिलं. कारण दिवसातून किती वेळ अंगावर वजन आलं की हाडांना पुरे होतं, हे आम्हाला अजून नीट माहीत नाही. मंगळावर माणूस न्यायचा तर हेच आधी कळायला हवं.

एंगेलबर्टने थर्मासच्या झाकणात कॉफी ओतून माझ्यापुढे धरली. "त्यात मी आहे की नाही, ते राहू दे. पण तुमच्याकडे अकरा जण नुसते पडून होते, आणि मी एकटा दीड मिनिट बसलो. आईही रोज एका गाण्यापुरतीच बसते. खरं सांग, पोरी, तेवढ्याने हाडांना काही कळतं का गं?"